राखणदार कोणाचा? ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या पेशी काय करतात



आजचा विषय ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, आणि त्यातही बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाल्यानंतरच्या काळाचा. ट्रान्सप्लांट म्हणजे काय, हे समजावताना आम्ही रक्तविकारांचे डॉक्टर एक ठरलेली उपमा देतो. शेतात तण माजलंय, ते आधी नांगरून काढायचं आणि मग चांगलं बी पेरायचं. नांगरणी म्हणजे केमोथेरपी, कधी जोडीला रेडिएशन. बी म्हणजे दात्याच्या स्टेम सेल. दोन-तीन आठवड्यांत नवं पीक उगवतं, पांढऱ्या पेशी वाढू लागतात आणि आणखी काही दिवसांनी रुग्ण घरी जातो.

उपमा चांगली आहे, पण अपुरी आहे. कितीही खोल नांगरलं तरी ल्युकेमियाची मुळं बऱ्याचदा जमिनीत उरतातच. ती पुढे महिनोन्महिने कोण काढत बसतं? दात्याकडून बियाण्याबरोबर एक राखणदारही आलेला असतो, तो काढतो. हा राखणदार म्हणजे दात्याच्या प्रतिकार यंत्रणेतल्या पेशी, मुख्यतः टी-पेशी. दात्याच्या रक्तातून गोळा केलेली जी पिशवी रुग्णाला लावतात, तिच्यात स्टेम सेल शंभरात एखादीच असते. बाकी गर्दी इतर पेशींची असते आणि त्यात या टी-पेशी भरपूर असतात.

ट्रान्सप्लांटनंतर ल्युकेमिया उलटेल की नाही, हे पुष्कळ अंशी या राखणदारावर अवलंबून असतं. अडचण अशी, की तो तणाबरोबर कधी कधी पीकही उपटतो. आज मला याच अडचणीबद्दल बोलायचं आहे, कारण ट्रान्सप्लांटनंतरच्या वर्षा-दोन वर्षांत घरच्यांना न उमगणारे बरेचसे निर्णय इथूनच निघतात. डॉक्टर अचानक गोळ्या कमी का करतात? अंगावर पुरळ आल्यावर त्यांचा चेहरा चिंतेचा आणि थोडा समाधानाचा, असा दुहेरी का दिसतो? आणि दाता झालेल्या भावाला किंवा बहिणीला सहा महिन्यांनी पुन्हा का बोलावतात?

थोडं मागे जाऊ. 1956 साली इंग्लंडमधल्या हार्वेल इथे बार्न्स, लाउटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. ल्युकेमिया असलेल्या उंदरांना त्यांनी रेडिएशन दिलं आणि मग बोन मॅरो दिला. काही उंदरांना हुबेहूब त्यांच्याच वाणाच्या उंदरांचा मॅरो मिळाला, काहींना परक्या वाणाचा. आपल्याच वाणाचा मॅरो मिळालेल्यांचं रक्त छान तयार झालं, पण ल्युकेमिया परत आला. परका मॅरो मिळालेल्यांमध्ये ल्युकेमिया परतला नाही, पण ते उंदीर खंगत खंगत मेले. रोग परतवणारं आणि उंदराला मारणारं काहीतरी त्याच परक्या मॅरोत होतं. पुढच्या जवळजवळ सत्तर वर्षांचं सगळं काम या एका प्रयोगाच्या पोटात आहे, असं मला वाटतं.

माणसांमध्येही तेच दिसलं. अमेरिकेत डॉ. डोनल थॉमस यांनी 1959 साली ल्युकेमिया झालेल्या दोन रुग्णांना जबर रेडिएशन देऊन त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांचा मॅरो दिला. इतकी तंतोतंत जुळणी दुसरी असूच शकत नाही. मॅरो व्यवस्थित रुजला, पण काही महिन्यांत ल्युकेमिया परत आला. हेच थॉमस पुढे सिॲटलला गेले, ट्रान्सप्लांटचं शास्त्र त्यांनी उभं केलं आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सिॲटलच्याच गटाने 1979 मध्ये 242 रुग्णांचा हिशेब मांडला. ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात, त्या आजाराला जीव्हीएचडी म्हणतात. ग्राफ्ट म्हणजे आलेला पाहुणा, होस्ट म्हणजे यजमान. पाहुण्याने यजमानाच्या घरात मोडतोड करायची, असा हा प्रकार. कातडीवर पुरळ, जुलाब, कावीळ ही त्याची तातडीची रूपं. महिने गेल्यावर डोळे आणि तोंड कोरडं पडणं, कातडी आवळून येणं ही जुनाट रूपं. तर सिॲटलच्या हिशेबात असं दिसलं, की ज्यांना हा त्रास चांगल्यापैकी झाला त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण, त्रास न झालेल्यांच्या तुलनेत अडीच पट कमी होतं.

ही गोष्ट पचायला वेळ लागला. कारण तोवर डॉक्टरांची सगळी धडपड जीव्हीएचडी टाळण्याची होती. 1980च्या दशकात त्यांना वाटलं, हल्ला टी-पेशी करतात ना, मग पिशवीतून त्या आधीच काढून टाकू. काढल्या. जीव्हीएचडी खरंच कमी झाला. आणि ल्युकेमिया परत येऊ लागला, विशेषतः सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या प्रकारात. 1990 मध्ये जगभरच्या ट्रान्सप्लांट केंद्रांच्या नोंदींतून 2254 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा उरलीसुरली शंका मिटली. जुळ्या भावंडाचा मॅरो घेतलेले आणि टी-पेशी काढून टाकलेला मॅरो घेतलेले यांच्यात रोग उलटण्याचा धोका जास्त होता, आणि जीव्हीएचडी झालेल्यांमध्ये कमी.

आता या टी-पेशी ल्युकेमियाला ओळखतात कशा, ते बघू. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत चाललेल्या कामाचे नमुने बाहेर मांडून ठेवते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती एका तबकात ठेवून पृष्ठभागावर धरते. या तबकाचं नाव एचएलए. ट्रान्सप्लांटच्या आधी ‘मॅचिंग’ करतात ते या तबकांचं. टी-पेशी फिरत फिरत प्रत्येक तबकात डोकावते. ओळखीचा माल असेल तर पुढे जाते, अनोळखी दिसला तर पेशीला मारते. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी ल्युकेमियाच्या सोबतीनेच राहिलेल्या असतात. त्यांना त्याची सवय झालेली असते, किंवा ल्युकेमियाने त्यांना थकवून टाकलेलं असतं. दात्याची टी-पेशी मात्र नव्या नजरेने बघते.

सख्ख्या भावाबहिणीची तबकं पूर्ण जुळली तरी त्यातला माल वेगळा असू शकतो, कारण बाकीची जनुकं वेगळी असतात. सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे बहिणीने भावाला पेशी दिल्या तर. पुरुषाच्या पेशींमध्ये वाय गुणसूत्रामुळे काही प्रथिनं अशी असतात, जी बहिणीच्या टी-पेशींनी आपल्या घरात कधी पाहिलेलीच नसतात. म्हणून स्त्री दाता आणि पुरुष रुग्ण या जोडीत जुनाट जीव्हीएचडी जास्त दिसतो, आणि रोग उलटणं कमी. नेदरलँड्समधल्या लायडेनच्या एल्स गुल्मी यांच्या गटाने अशी काही प्रथिनं शोधली, जी फक्त रक्ताच्या घराण्यातल्या पेशींवरच दिसतात. एचए-1 हे त्यातलं प्रसिद्ध नाव. दात्याची टी-पेशी नेमकी त्यावर चालून गेली, तर रुग्णाचं जुनं रक्त आणि त्यातला ल्युकेमिया संपेल, पण कातडी आणि आतडं वाचेल. तण निघेल, पीक राहील. हे हुकमी घडवून आणणं हेच या क्षेत्रातलं मोठं स्वप्न आहे आणि ते अजून पुरतं हातात आलेलं नाही.

मग ल्युकेमिया उलटलाच तर? म्युनिचच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी जे केलं, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत धीट वाटतं. ट्रान्सप्लांटनंतर सीएमएल परत आलेल्या तीन रुग्णांना त्यांनी नवी जबर केमो दिली नाही. इंटरफेरॉनच्या जोडीने त्यांनी मूळ दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या. तिघांचाही रोग मागे हटला. हे 1990 मध्ये छापून आलं. याला आम्ही डीएलआय म्हणतो, दात्याच्या लिम्फोसाइट पेशी शिरेतून देणं. 1995 पर्यंत युरोपातल्या केंद्रांचे आकडे जमले, तेव्हा सीएमएलमध्ये दहापैकी सुमारे सात रुग्णांचा रोग पूर्ण मागे गेला होता. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, तो आकडा दहापैकी तीनच्या आसपास होता. लहान मुलांमध्ये जास्त दिसणाऱ्या एएलएलमध्ये जवळजवळ शून्य.

हा फरक का? एक कारण सरळ वेळेचं आहे. डीएलआयचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. सीएमएल तेवढी उसंत देतो. एएमएल आणि एएलएल देत नाहीत, राखणदार काठी शोधेपर्यंत रान माजलेलं असतं. म्हणून तीव्र ल्युकेमियात आधी औषधांनी रोग खाली आणतात आणि मग पेशी देतात. त्याहून बरं म्हणजे रोग डोळ्यांना दिसण्याच्या आधीच, सूक्ष्म तपासणीत पहिली चाहूल लागताच देतात. ट्रान्सप्लांटनंतर दर काही आठवड्यांनी ‘कायमेरिझम’ नावाची तपासणी होते, ती यासाठीच. रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आणि रुग्णाच्या स्वतःच्या किती, हे ती सांगते. रुग्णाच्या पेशींचा टक्का चढू लागला, की आमचे कान टवकारतात.

या कथेतला एक विचित्र योग सांगते. डीएलआय ज्या आजारात सर्वांत गुणकारी ठरली, त्या सीएमएलसाठी 2001 साली इमॅटिनिब ही गोळी आली, आणि त्यातल्या बहुतेकांना ट्रान्सप्लांटची गरजच उरली नाही. उत्तम झालं. पण आमच्या हाती उरले ते एएमएल-एएलएलचे रुग्ण, ज्यांच्यात हे हत्यार तितकं धारदार नाही.

डीएलआयचा धोकाही सांगायला हवा. सुरुवातीच्या काळात जवळजवळ निम्म्या रुग्णांना त्यानंतर जीव्हीएचडी झाला. मग 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने दाखवलं, की एकदम मोठा डोस न देता अगदी थोड्या टी-पेशींपासून सुरुवात करून, वाट बघत, पायरीपायरीने डोस वाढवला, तर सीएमएलमध्ये कित्येकांचा रोग जीव्हीएचडीशिवाय मागे जातो. आज जगभर बहुतेक ठिकाणी याच पायरीपायरीच्या पद्धतीने जातात. वजनाच्या दर किलोमागे किती टी-पेशी, असा तो हिशेब असतो. स्वयंपाकात मीठ टाकावं तसं, जास्त पडलं तर काढता येत नाही.

आणि डीएलआयच्याही आधीची पायरी म्हणजे गोळ्या कमी करणं. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमससारखी औषधं राखणदाराला बांधून ठेवतात. रोगाची चाहूल लागली तर डॉक्टर ती दोरी सैल करतात, म्हणजे औषध कमी किंवा बंद करतात. इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. ‘पुरळ आलं म्हणजे चांगलं, रोग जळतोय’ असं कुणीतरी सांगतं आणि काही घरांतून पुरळ, जुलाब आठ-आठ दिवस लपवले जातात. काही जण गोळ्या आपणच बंद करतात. असं करू नका. सौम्य जीव्हीएचडीचा फायदा आकड्यांत दिसतो हे खरं, पण तीव्र जीव्हीएचडीने माणसं दगावतात. रोग न उलटण्याचा जो लाभ, तो तिथे पुरता धुऊन जातो. दोरी किती सैल करायची हे रक्ताच्या तपासण्या बघून ठरतं, अंदाजाने नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केला. 1986 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम सुरू झालं. तेव्हा पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असणं हीच अट होती. एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात पाच भावंडं असत तेव्हा हे गणित जमायचं. आता घरोघरी एक किंवा दोन मुलं. बाहेरचा दाता शोधायचा तर चेन्नईच्या ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्था आहेत, पण देशाच्या लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले दाते फार थोडे. एचएलएचा संच वारशाने येतो, त्यामुळे जुळणी आपल्याच पूर्वजांच्या समूहात सापडण्याचा संभव जास्त. जर्मनीतल्या लाखो नोंदी आपल्याला फारशा उपयोगी पडत नाहीत, त्या यामुळेच.

ही कोंडी फोडली अर्ध्या जुळणीच्या ट्रान्सप्लांटने. आई किंवा वडील मुलाशी अर्धे जुळतातच, मुलं आईवडिलांशी अर्धी जुळतात, भावंडं अर्धी जुळण्याची शक्यता दोनात एक. पण अर्धी जुळणी म्हणजे राखणदाराला निम्मं घर परकं. पूर्वी अशा ट्रान्सप्लांटमध्ये जीव्हीएचडीने हाहाकार व्हायचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एक युक्ती निघाली. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायचं. परकेपणाने सर्वाधिक चवताळलेल्या टी-पेशी तेव्हा वेगाने वाढत असतात, औषध त्यांना गाठतं. स्टेम सेल त्यातून वाचतात, शांत टी-पेशीही बऱ्याच वाचतात. यामागची यंत्रणा इतकी सरळ नाही, हे पुढच्या संशोधनात दिसलं, पण पद्धत टिकली. औषध जुनं आणि स्वस्त, त्यामुळे भारतात ती चांगलीच रुळली.

इटलीतल्या पेरुजा इथे डॉ. आंद्रेआ वेलार्दी यांच्या गटाने या अर्ध्या जुळणीचा आणखी एक पैलू दाखवला, तो नॅचरल किलर पेशींचा. या पेशी उलट्या रीतीने तपासतात, ओळखीचं तबक दिसलं नाही तर मारतात. 2002 मध्ये त्यांनी दाखवलं, की दाता आणि रुग्ण यांच्यात विशिष्ट प्रकारची बेजुळणी असेल, तर या पेशी एएमएलला आवर घालतात आणि जीव्हीएचडी मात्र करत नाहीत. हा फायदा सगळ्या पद्धतींत सारखा दिसत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबून दाता निवडत नाहीत.

आता ल्युकेमियाची चलाखी बघा. 2009 मध्ये मिलानच्या संशोधकांनी अर्ध्या जुळणीच्या ट्रान्सप्लांटनंतर रोग उलटलेल्या 17 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी 5 जणांच्या ल्युकेमिया पेशींनी आपली ओळखपाटीच बदलली होती. समजा, मुलाला आईने पेशी दिल्या. मुलाचा एचएलएचा एक संच वडिलांकडून आलेला, एक आईकडून. आईच्या टी-पेशींना परका दिसतो तो वडिलांचा संच, त्याच्याच खुणेवर त्या ल्युकेमियाला मारत असतात. तर ल्युकेमियाच्या पेशीने गुणसूत्राचा तेवढा भाग टाकून दिला आणि त्या जागी आईकडून आलेल्या संचाची दुसरी प्रत करून घेतली. आता आईच्या टी-पेशींना तिथे परकं असं काही दिसतच नाही. अशा वेळी आईच्या पेशी पुन्हा दिल्या तर रोगावर त्यांचा परिणाम होणार नाही, आणि मुलाच्या कातडीत, आतड्यात वडिलांचा संच अजून शाबूत आहे, म्हणजे जीव्हीएचडीचा धोका मात्र कायम. इथे दाताच बदलावा लागतो. वडील दाते झाले, तर त्यांच्या पेशींना आईचा संच परका, आणि ल्युकेमियाकडे आता तोच उरलेला.

2018 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांना दुसरी तऱ्हा आढळली. ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्या एएमएलच्या 34 नमुन्यांपैकी 17 नमुन्यांत पेशींनी दुसऱ्या वर्गातली तबकं टाकून दिली नव्हती, नुसती फारच कमी मांडली होती. प्रयोगशाळेत इंटरफेरॉन-गॅमा लावल्यावर ती पुन्हा बाहेर आली. म्हणजे काही रुग्णांत पाटी पुसलेली नसते, फक्त झाकलेली असते, आणि त्यावर औषध शोधणं शक्य आहे.

म्हणून रोग उलटला, की ‘त्याच दात्याला बोलवा’ इतकं ते सोपं राहिलेलं नाही. अर्धी जुळणी असेल तर आधी ही तपासणी होते का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटी दात्याबद्दल, कारण घरात खरी ओढाताण इथे होते. बहिणीने पेशी दिल्या, वर्षाने तिचं लग्न झालं, आणि मग रुग्णालयातून निरोप येतो, पुन्हा यावं लागेल. सासरी काय सांगायचं? तिच्यात काही कमी झालंय का, मूल होण्यात अडचण येईल का, असले प्रश्न उठतात. तर स्पष्ट ऐका. डीएलआयसाठी भूल नाही, ऑपरेशन नाही. एका हातातून रक्त यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, बाकी रक्त परत अंगात येतं. काही तासांचं काम. ओठांना मुंग्या येतात, कॅल्शियम दिलं की थांबतात. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा तयार करतं. स्त्री गरोदर असेल तेव्हा मात्र हे करत नाहीत. आणि नाही म्हणायचा अधिकार दात्याला दुसऱ्या वेळीही तितकाच असतो. आजारी भावाच्या खाटेशेजारी उभं करून तिला विचारू नका, वेगळं बसवून विचारा.

हे टाळण्याचा एक मार्गही आहे. पहिल्यांदा पेशी गोळा करतानाच, भरपूर मिळाल्या तर, थोड्या टी-पेशी छोट्या छोट्या मात्रांत गोठवून ठेवता येतात. सगळीकडे हे होत नाही, खर्चही येतो. पण ट्रान्सप्लांटची तारीख ठरवायला बसाल, त्या दिवशीच विचारून ठेवा: जास्तीच्या पेशी साठवणार का, किती काळ, आणि दात्याला पुन्हा बोलवावं लागू शकतं हे तुम्ही त्याला आजच सांगणार आहात का?